पानं कापायची की पुस्तक ठेवायचं?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत पक्ष्यांची रंगीत चित्रं असलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं. ह्यूम आणि मार्शल यांचं, भारतातल्या शिकारीच्या पक्ष्यांवरचं. तिसरा भाग, बदकांचा. पाठ सुटली आहे. एक खरेदीदार म्हणतो, चित्रं कापून फ्रेम करा, जास्त पैसे येतील. काय करू? – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, कात्री लावू नका. हात जोडून सांगते.

१८७९ ते १८८१ या काळात कलकत्त्याहून निघालेल्या तीन भागांतला हा शेवटचा. यातल्या चित्रांवर ह्यूम स्वतःच नाराज होते. त्यांचा जीव मजकुरात होता. कुठलं बदक कुठल्या तळ्यावर कधी उतरतं, हे देशभरातले शिकारी आणि अधिकारी त्यांना पत्रांनी कळवत, त्यातून ही पानं भरली. चित्र भिंतीवर गेलं की त्याच्याबद्दलचं हे सगळं रद्दीत जातं. रद्दीचा घाव ह्यूम यांनीही सोसला. १८८४च्या सुमारास सिमल्याच्या घरातून त्यांची कित्येक वर्षांची हस्तलिखितं नोकराने चोरून बाजारात रद्दी म्हणून विकली. पक्ष्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्यातच बुडाला. पुढच्याच वर्षी त्यांनी पक्ष्यांची सुमारे ८२,००० कातडी आणि अंडी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच.

आता तुमची प्रत. भिंग घेऊन खिडकीपाशी बसा. ही चित्रं दगडी छापाची, एकेका रंगाला वेगळा दगड. भिंगाखाली रंगाचे वेडेवाकडे कण एकमेकांवर चढलेले दिसतील. ठिपके एकसारखे, ओळीत मांडल्यासारखे दिसले तर ती अलीकडची छपाई. मी एका घरी चक्रवाकाचं असंच अस्सल पान हार्डबोर्डवर गोंदाने चिकटवलेलं पाहिलं. कडा तपकिरी झालेल्या, पोट फुगलेलं. ते आता सोडवताही येत नाही.

पाठ सुटली तर सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. चांगल्या बाइंडरकडून पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ लावून घ्या. पानांवर तपकिरी डाग असतील तर पुसायला जाऊ नका. पुस्तक धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून आडवं ठेवा. आपल्या पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात मात्र ठेवू नका, ओल धरते.

विकायचंच असेल तर अख्खं विका. त्याआधी डिसेंबरात एकदा नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन या. गोदावरी-कादवेच्या पाण्यावर थापट्या बदक चमच्यासारखी चोच पाण्यातून फिरवत जाताना दिसेल. घरी येऊन त्याचं पान उघडा, आणि ते शाबूत आहे का, एवढं मला जरूर कळवा.