वाचक विचारतात : ‘येतो सर’ म्हणतो, पण येत नाही

प्रश्न : आमच्या कॉलेजात प्रत्येक शिक्षकाकडे मार्गदर्शनासाठी पंचवीस-तीस विद्यार्थी सोपवलेत. माझ्या गटातला बी.ए.चा एक मुलगा दिवाळीपासून गायब आहे. फोनवर ‘येतो सर’ म्हणतो. भेटींचं रजिस्टर भरण्यापलीकडे मी काय करावं?
— एक प्राध्यापक, दारव्हा तालुका

उत्तर : सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, तेवढे दिवस आपल्याकडे अर्धा वर्ग वावरातच असतो. त्याची चिंता नको. पण मुलगा रोज एसटीने येऊन स्टँडवरच बसून राहत असेल, परीक्षेचा फॉर्म भरत नसेल, तर त्याला गाठा.

स्टाफरूममध्ये बोलावू नका, तिथे चार जण ऐकतात. ग्राउंडच्या कडेला बसा. ‘काय प्रॉब्लेम आहे?’ विचारलं की उत्तर ‘काही नाही’. त्यापेक्षा जेवतोस कुठे, झोप लागते का, पास काढला का, किती विषय राहिले, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिपचा अर्ज कुठवर आला, असं विचारा. बरेचदा गाठ इथेच सापडते. बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं किंवा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून असतो. स्कॉलरशिप येत नाही, ऑफिस फी मागतं, आणि पोरगं लाजेने येणं सोडतं. अशा वेळी उपदेश नको, त्याच्यासोबत बाबूच्या टेबलापर्यंत चला.

बोलण्यातून निराशा जाणवली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. तिथूनच १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर दोघं मिळून फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मग जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. घरी कळवावंच लागेल, म्हणून ‘कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द सुरुवातीला देऊ नका. घरच्यांना पहिली गोष्ट सांगायची ती फवारणीच्या औषधाची: खाटेखाली, माळ्यावर असेल ते आजच घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात.

रजिस्टरमध्ये भेटीची तारीख आणि पुढच्या भेटीची तारीख, एवढंच. नॅकच्या वेळी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या वेळी, ती फाइल दहा हातांतून फिरते.

प्रश्न : आमच्या कॉलेजात समुपदेशक नाही. मागता येतो का?
— एक विद्यार्थिनी, आर्वी

उत्तर : येतो. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे. चार-पाच जणींनी मिळून प्राचार्यांना अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. हालचाल झाली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करा. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजी दिवसांत तिला अहवाल द्यावा लागतो. तोंडी विनंतीला तारीख नसते, त्यामुळे हे दिवस मोजायला या तक्रारीचीही तारखेची पोच लागेल.