चेहऱ्यावर चंद्रकोर असलेलं बदक

प्रश्न: नोव्हेंबरच्या मध्यावर तळ्यात एक बदक दिसलं. डोकं मळकट करडं, छातीवर खवल्यांसारखी नक्षी, कुशी विटकरी आणि डोळा नि चोच यांच्या मधे उभी पांढरट चंद्रकोर. चित्रांत अशी कोर ब्लू-विंग्ड टीलच्या नराला दिसली. हे तेच का, की दोन जातींचा संकर? फोटो पाठवते आहे.

उत्तर: ताई, हा थापट्या (इंग्रजीत नॉर्दर्न शोव्हलर) या जातीचं बदक आहे. नर आहे, आणि त्याची पिसं अजून बदलताहेत.

बदक ओळखताना मी अंगाचा रंग सगळ्यात शेवटी पाहते, कारण वर्षभरात तोच सगळ्यात जास्त बदलतो. चोचीचा आकार बदलत नाही. तुमच्या फोटोत ती डोक्यापेक्षा लांब आणि टोकाशी पसरट आहे. तिच्या कडांना कंगव्यासारखे शंभराहून अधिक बारीक दाते असतात, त्यांतून पाणी गाळून थापट्या खातो. टीलची चोच साधी, आटोपशीर. शिवाय टील सुमारे 40 सेंटिमीटरचं, थापट्या 48 च्या आसपास. आता डोळा पाहा: पिवळाधमक. टीलचा डोळा गडद असतो, आणि त्याच्या कुशीवर फिकट तपकिरीत काळे ठिपके असतात. असा विटकरी रंग नसतो. संकर असता तर चोच मधल्या मापाची दिसली असती. इथे ती पुरेपूर थापट्याची आहे.

मग ही कोर आली कुठून? विणीनंतर बदकांचे नर भडक पिसं टाकतात आणि मादीसारखे मळकट होतात. त्याच सुमारास पंखांतली उडायची पिसं एकदम गळतात, तीन-चार आठवडे उडताच येत नाही. अशा वेळी नजरेत न भरणं हेच जिवाला बरं. मॅलार्ड या बदकाचा नर शरद ऋतूतच पुन्हा सजतो. थापट्याला फार वेळ लागतो, आणि मधल्या काळात त्याला आणखी एक वेगळा पिसारा येतो. ही कोर त्यातलीच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या थापट्याच्या नराला ती विणीच्या पिसाऱ्यातच असते, त्यामुळे तिकडचाच पक्षी भरकटून आला असं वाटणारेही भेटतात. मला तर हा अर्धामुर्धा थापट्या पूर्ण रंगातल्यापेक्षा जास्त आवडतो. त्याच्या अंगावर बदल चालू असलेला दिसतो.

भुवई बदकाचा नरही असाच रेंगाळतो, हिवाळा सरत आला तरी मादीसारखाच दिसतो. तिथे नर ओळखायला पंखाचा निळसर करडा पुढचा भाग पाहावा.

फेब्रुवारीत तुमच्या थापट्याचं डोकं गडद हिरवं आणि छाती पांढरीशुभ्र झालेली असेल. त्याआधी तो उडताना टिपता आला तर जरूर पाठवा. पंखाचा पुढचा निळा भाग किती उजळ आहे आणि त्याखालची पांढरी पट्टी किती रुंद आहे, यावरून तो पहिल्या वर्षाचा की जुना, याचा अंदाज बांधता येईल.