जुन्या संगणकावर टीव्ही रेकॉर्ड होईल का?

प्रश्न : मुलाने लॅपटॉप घेतल्यापासून घरातला डेस्कटॉप पडून आहे. माझी रात्रपाळी असते, त्यामुळे संध्याकाळच्या मालिका आणि सामने हमखास हुकतात. ते या संगणकावर रेकॉर्ड करून सकाळी बघता येतील का? की त्यासाठी नवा प्रोसेसर घ्यावा लागेल?

रेकॉर्डिंगपुरता तुमचा जुना संगणक पुरेसा आहे, प्रोसेसर बदलू नका. ॲनालॉग प्रक्षेपणाच्या काळात हे काम जड होतं. प्रक्षेपण पकडणाऱ्या ट्यूनर कार्डाकडे कच्चं चित्र यायचं आणि ते दाबून लहान करण्यात प्रोसेसरचा जीव जायचा. म्हणून तेव्हा हॉपॉगच्या पीव्हीआर-२५० सारख्या कार्डांवर एमपेग-२ या पद्धतीने चित्र दाबण्यासाठी वेगळी चिप असे. डिजिटल प्रक्षेपणात चित्र आणि आवाज केंद्रावरूनच दाबून येतात, तेही १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पाकिटांतून. आपल्या चॅनेलची पाकिटं वेचून डिस्कवर उतरवायची, एवढंच काम संगणकाला उरतं. त्यात प्रोसेसर जवळजवळ रिकामाच बसलेला असतो.

जड काम आहे ते रेकॉर्डिंग उलगडून पडद्यावर दाखवण्याचं. चॅनेल एमपेग-२ किंवा एच.२६४ या दाबण्याच्या जुन्या पद्धतींत असेल तर जुना संगणकही ते निभावतो. एचईव्हीसी या नव्या पद्धतीत असेल आणि ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नसेल, तर चित्र अडखळणार. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते : रेकॉर्ड करणारं यंत्र वेगळं आणि टीव्हीला जोडलेलं दाखवणारं यंत्र वेगळं ठेवा. माझ्या घरचं रेकॉर्डिंगचं यंत्र जिन्याखालच्या कपाटात आहे. त्याला ना पडदा ना कीबोर्ड. पंख्याचा आवाज झाला तरी कपाटातच राहतो.

ट्यूनर घेण्याआधी मात्र तुमच्या घरी प्रक्षेपण कोणत्या वाटेने येतं ते नीट बघा. अँटेनासाठी, डिशसाठी आणि केबलसाठी ट्यूनर वेगवेगळे असतात. डीव्हीबी-टी२, डीव्हीबी-एस२, डीव्हीबी-सी, एटीएससी, आयएसडीबी-टी या नावांपैकी जे तुमच्या भागात चालतं तेच खोक्यावर लिहिलेलं हवं. दुसरी गोष्ट, सशुल्क चॅनेल बहुतेक वेळा कुलूपबंद येतात. त्यासाठी सेवा देणाऱ्या कंपनीने मान्य केलेलं कार्ड आणि ते बसेल असा ट्यूनर लागतो, आणि पुष्कळ कंपन्या ते देतच नाहीत. सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयमधून चित्र घ्यायला जाल तर एचडीसीपीमुळे, म्हणजे त्या वायरीवरच्या नक्कलबंदीच्या कुलपामुळे, नुसता काळा पडदा मिळेल. तेव्हा खुल्या चॅनेलवर तुमचं भागतं का, हे पैसे घालण्याआधी ठरवा.

कायद्याचं म्हणाल, तर घरी नंतर बघण्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग हा जुना वाद आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बीटामॅक्स खटल्यात ५ विरुद्ध ४ अशा मतांनी ते रास्त ठरवलं. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे, आपला तपासून घ्या. रेकॉर्डिंग घराबाहेर वाटत सुटू नये, हे मात्र कुठेही पाळावं.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये मधूनच चौकोन पडतात आणि आवाज तुटतो. हार्ड डिस्क बदलली, रॅम वाढवली, काही फरक नाही. आता एसएसडी घ्यायची का?

नका घेऊ. या सदराकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त, आणि दर वेळी लोक संगणकावर खर्च करत राहतात याचं मला फार वाईट वाटतं. साधा हिशेब करा. एचडी चॅनेल सेकंदाला ८ मेगाबिटने येत असेल तर डिस्कवर सेकंदाला १ एमबी लिहावं लागतं. साधी हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. दोष बहुधा वायरीत असतो.

शोधायचा कसा ते सांगते. प्रत्येक पाकिटावर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. ७ नंतर थेट ९ आला की ८ नंबरचं पाकीट वाटेत हरवलं, आणि तुम्हाला दिसणारा चौकोन तिथलाच. टीव्हीहेडएंडसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर अशा चुका मोजून दाखवतं. चॅनेल चालू ठेवा, तो आकडा समोर ठेवा आणि अँटेनापासून ट्यूनरपर्यंत वायरीचा एकेक जोड हलक्या हाताने हलवून बघा. ज्या जोडाला हात लावल्यावर आकडा उडी मारतो, तो उघडा. आत बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते : बाहेरच्या जाळीची केसासारखी एखादी तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकलेली असते. वायर थोडी मागून कापा, जाळी नीट मागे दुमडा आणि नवा कनेक्टर बसवा.

जोड सगळे ठीक असतील तर वायर किती ठिकाणी वाटली आहे ते बघा. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला निम्म्याहून कमी सिग्नल मिळतो. त्यावर ॲम्प्लिफायर लावायचा मोह होतो, पण सिग्नल आधीच तगडा असेल तर ॲम्प्लिफायर तो बिघडवतो. म्हणून ‘ताकद’ या आकड्यावर जाऊ नका, ‘गुणवत्ता’ किंवा एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) बघा. चौकोन ठराविक वेळीच पडत असतील, तर त्या वेळी घरात काय चालू-बंद होतं याकडेही लक्ष ठेवा. फ्रिजची मोटर सुरू होतानाचा झटका, जवळचा मोबाइल टॉवर, ही कारणं खरी आहेत. टॉवरसाठी अँटेनाच्या वायरीत बसणारा फिल्टर मिळतो.

डिशवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. एलएनबीला, म्हणजे डिशच्या तोंडाशी बसवलेल्या डबीला, १३ की १८ व्होल्ट आणि २२ किलोहर्ट्झचा सूर आहे की नाही, यावरून कोणता पट्टा पाठवायचा ते कळतं. एका वायरीवर एका वेळी एकच पट्टा येतो. साध्या स्प्लिटरने दोन ट्यूनर जोडले, तर एकाने पट्टा बदलताच दुसऱ्याचं रेकॉर्डिंग बिघडतं. दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वायरी घ्या.

प्रश्न : सामन्याचं रेकॉर्डिंग दर वेळी सत्तरेक मिनिटांनी थांबतं. डिस्कवर भरपूर जागा आहे.

डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि ८ मेगाबिटचं चॅनेल तासाला ३.६ जीबी खातं. आतलं हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या. मग डिस्क लिनक्सवर एक्स्ट४ आणि विंडोजवर एनटीएफएस करून टाका. याच दराने १ टीबीच्या डिस्कवर पावणेतीनशे तास मावतात.

प्रश्न : सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? पूर्वी विंडोज मीडिया सेंटर वापरत होतो.

मीडिया सेंटर विंडोज १० पासून बंद झालं, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका. मिथटीव्ही २००२ पासून आहे आणि अजून भक्कम आहे, फक्त बसवायला सवड काढावी लागते. विंडोज सोडायचं नसेल तर नेक्स्टपीव्हीआर बघा. माझी स्वतःची पसंती लिनक्सवर टीव्हीहेडएंड आणि टीव्हीजवळ कोडी, या जोडीला. टीव्हीहेडएंड फक्त रेकॉर्डिंग सांभाळतं, कोडी फक्त दाखवतं. कोडी बंद पडलं तरी कपाटातलं रेकॉर्डिंग चालूच राहतं. ट्यूनर विकत घेण्याआधी त्याला लिनक्समध्ये ड्रायव्हर आहे का, हे नेमक्या मॉडेल नंबरवरून शोधा. एकाच नावाच्या ट्यूनरमध्ये पुढे चिप बदललेली असू शकते.

प्रश्न : सासूबाईंना कीबोर्ड-माऊस जमत नाही. त्यांच्या हातात टीव्हीचा रिमोटच हवा. काही सोय आहे का?

आहे, आणि हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. घरातल्या वडीलधाऱ्यांना वापरता येत नसेल तर सगळी मांडामांड कशासाठी? टीव्हीचा रिमोट एचडीएमआयच्या वायरीतूनच दुसऱ्या यंत्राला आज्ञा देऊ शकतो, याला सीईसी म्हणतात. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय सहसा नसते, पण रास्पबेरी पायसारख्या चिमुकल्या संगणकात असते. त्यावर कोडी घालून तो टीव्हीमागे लावा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा. प्रत्येक कंपनी त्याला आपलं वेगळं नाव देते, तेवढं शोधावं लागेल. मग बाणांच्या बटणांनी सगळं चालतं. माझ्या बाबांना ऐकायला कमी येतं. बातम्यांतलं वाक्य निसटलं की ते डावा बाण दाबून थोडं मागे जातात आणि पुन्हा ऐकतात. थेट प्रक्षेपणातही हे जमतं, फक्त टीव्हीहेडएंडमध्ये ‘टाइमशिफ्ट’ चालू ठेवायला हवं.

प्रश्न : चित्र स्वच्छ आहे, पण बातम्यांखाली सरकणारी पट्टी अडखळत सरकते.

तुमच्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचं आणि पडदा ६० हर्ट्झचा असणार. ५० चित्रं ६० वेळा दाखवायची म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं. चेहऱ्यांवर ते जाणवत नाही, एका वेगाने सरकणाऱ्या अक्षरांवर लगेच दिसतं. कोडीच्या सेटिंगमध्ये पडद्याचा दर चित्राप्रमाणे बदलण्याचा पर्याय आहे, तो ‘सुरुवातीला आणि शेवटी’ असा ठेवा. पट्टीच्या अक्षरांना कंगव्यासारखे दाते दिसत असतील तर तो दोष वेगळा, त्यासाठी डीइंटरलेसिंग चालू करा.

प्रश्न : मालिकेची शेवटची दोन मिनिटं कापली जातात. शिवाय संगणक दिवसभर चालू ठेवावा लागतो का?

कार्यक्रम वेळेवर संपतातच असं नाही. रेकॉर्डिंग २ मिनिटं आधी सुरू आणि १० मिनिटं उशिरा बंद होईल असं लावा, सामन्यांना अर्धा तास जास्त द्या. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं ना, तेही बघा. लागोपाठचे दोन कार्यक्रम वेगळ्या चॅनेलवर असतील तर ही वाढीव मिनिटं एकमेकांवर चढतात. दोन्ही चॅनेल एकाच मल्टिप्लेक्सवर, म्हणजे एकाच लहरीवर असतील, तर एक ट्यूनर दोन्ही रेकॉर्ड करतो. नसतील तर दुसरा ट्यूनर लागतो.

दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. मदरबोर्डवरचं घड्याळ ठरल्या वेळी संगणकाला जागं करू शकतं. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ती सोय चालू करा आणि पुढच्या रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटं आधीची वेळ लावणारी आज्ञा सॉफ्टवेअरला जोडून द्या. पहिले काही दिवस बिनमहत्त्वाचे कार्यक्रम लावून बघा. झोपेतून उठल्यावर काही यूएसबी ट्यूनर ओळखच देत नाहीत. तुमचा ट्यूनर त्यातला निघाला, तर संगणक झोपवण्याऐवजी पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होईल असं लावा.