तो कागद कोणाच्या टेबलावर जाणार?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय ३६. बी.कॉम.चं दुसरं वर्ष झालं, लग्न झालं, शिक्षण तिथेच राहिलं. आता चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहात, टॅली-जीएसटी सगळं हातचं, पण पदवी नाही म्हणून सीनियरची जागा दोनदा हुकली. गेल्या आठवड्यात ‘ऑनलाइन डिग्री’ असं शोधून कुठल्याशा पानावर मोबाइल नंबर भरला आणि तेव्हापासून दिवसाला सात-आठ फोन येतायत. त्यातलं कुठलं घ्यावं, की आता वय गेलं?

वयाचं आधी उरकते. मी बी.कॉम. पूर्ण केलं ते ३६व्याच वर्षी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात आहे, बारावीवर लिपिक म्हणून लागले होते. परीक्षेला माझ्या बाकावर शेजारी एसटीचे एक कंडक्टर असायचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आदल्या रात्री मुक्कामी गाडी घेऊन जायचे, सकाळी परत आणून थेट पेपरला. खाकी शर्ट तसाच, पेनाला तिकिटांच्या शाईचे डाग. तेव्हा वयाचा विषय बंद.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारताय ‘कुठलं चांगलं’. मी म्हणते, कोर्स शोधायच्या आधी हे ठरवा की पदवीचा तो कागद शेवटी कोणाच्या टेबलावर ठेवायचा आहे. मी गेली पंचवीस वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसते. सेवापुस्तकात पात्रतेची नोंद घ्यायची, प्रमाणपत्र पडताळणीला पाठवायचं, हे माझं रोजचं काम. लोक दोन-तीन वर्षं खपून, पैसे भरून, पेढे घेऊन येतात आणि मग कळतं की हा कागद इथे चालत नाही. पेढ्याचा बॉक्स हातात घेऊन हे सांगणं फार वाईट असतं.

तुमच्या बाबतीत ते टेबल तुमच्या एचआरचं आहे. म्हणून पहिलं काम, आजच, एचआरला मेल करा. तोंडी नको, मेलच. विचारा: सीनियर अकाउंटंटच्या जागेसाठी कुठली पदवी लागते, बी.कॉम.च हवी की बीबीए चालेल, आणि मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने केलेली चालते का? यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची. पण खासगी कंपनीच्या धोरणात ‘फुल टाइम’ असा शब्द असेल तर तुम्ही यूजीसीचं पत्रक दाखवून भांडत बसणार आहात का? आधी विचारलेलं बरं. उद्या कंपनी बदलायची म्हटली तर तिथे काय मागतात तेही दोन-चार जाहिराती उघडून बघा. (वाचणाऱ्यांत कोणी सरकारी किंवा अनुदानित नोकरीत असेल तर शिक्षण घेण्यासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी प्रवेशाआधी काढा. नंतर काढलेली पूर्वपरवानगी म्हणजे काय ते मला विचारा.)

आता ते फोन. मागच्या वर्षी माझ्या जावेसाठी मीही असाच नंबर भरला होता, म्हणून मला ती गंमत माहीत आहे. रात्री सव्वानऊ, तव्यावर भाकरी, आणि फोन: “मॅम, मी तुमची अ‍ॅकॅडेमिक काउन्सेलर बोलतेय, तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय, स्कॉलरशिप फक्त आज रात्री बारापर्यंत.” मी गॅस बारीक केला आणि तीन प्रश्न विचारले. तुम्ही विद्यापीठाच्या पगारावर आहात की एजन्सीच्या? फीची पावती कोणाच्या नावाने येईल? परीक्षा कुठे आणि कशी होते? पहिल्या प्रश्नाला ती म्हणाली, “मॅम, आम्ही पार्टनर आहोत.” दुसऱ्याला, “ते प्रोसेसमध्ये कळेल.” तिसऱ्याला, “एक्झामचं टेन्शन घेऊ नका, आमची टीम सपोर्ट करते.” भाकरी करपली, पण कामाची माहिती मिळाली. त्या पोरीचा राग नाही, तिलाही महिन्याला टार्गेट असणार. पण तिला काउन्सेलर म्हणणं म्हणजे साडीच्या दुकानातल्या सेल्समनला नातेवाईक म्हणण्यासारखं आहे.

यूजीसीने जानेवारी २०२२ मध्येच जाहीर सांगितलंय की पदवी अभ्यासक्रमात फ्रँचायझी चालत नाही. कंपनी सॉफ्टवेअर पुरवू शकते, पण शिकवणं, परीक्षा आणि पदवी ही विद्यापीठाचीच जबाबदारी. म्हणून फी विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर भरायची. क्लासच्या गूगल पेवर नाही, कोणाच्या खात्यावर नाही.

आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’. यावर जरा थांबते, कारण यात माझ्या ओळखीतली दोन माणसं अडकली. महिन्याला चार हजार म्हटलं की आपल्याला वाटतं, विद्यापीठाला हप्ते देतोय. तसं नसतं. तुमच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज निघतं, फी एकरकमी तिकडे जाते आणि तुम्ही फायनान्स कंपनीचे देणेकरी होता. तुम्ही आधार, पॅन दिलं, ओटीपी सांगितला, तिथेच सही झाली. तीन महिन्यांनी जमेना म्हणून शिक्षण सोडलं तरी हप्ता थांबत नाही. थांबवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची तुमची नोंद, बिघडते आणि पुढे घराच्या कर्जाला ते आडवं येतं. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका म्हणून लोकांना सावध केलं होतं, ते उगाच नाही. मुक्त विद्यापीठांची फी दरवर्षीची दरवर्षी भरायची असते. सोडलंच तर एका वर्षाचं नुकसान.

फोनवाल्यांपैकी एकाने तुम्हाला ‘बी.कॉम. आणि एमबीए एकदम करा, आता परवानगी आहे’ असं सांगितलं म्हणता. एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करता येतात हे खरं. पण एमबीएला आधी पदवी लागते, ती तुमच्याकडे अजून नाही. नियम खरा, उपयोग खोटा. असं बोलणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा.

मी हे सगळं शहाणपणाने सांगतेय, पण माझी सुरुवात कशी झाली तेही ऐका. २००८ मध्ये एका मिठाईच्या दुकानावरच्या क्लासमध्ये मी चौदा हजार भरले होते. दुसऱ्या राज्यातलं विद्यापीठ, ‘घरबसल्या बी.कॉम.’, पेपर क्लासमध्येच. पुस्तकं आली, झेरॉक्सची. एकदा पेपर दिला तेव्हा सर स्वतः येऊन म्हणाले, “मॅडम, पानं भरा, बाकी आम्ही बघतो.” तेव्हा मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू! पुढे आमच्याच कार्यालयात एकाचा तसलाच कागद पडताळणीत परत आला, तेव्हा मी माझे चौदा हजार मनातल्या मनात सोडून दिले. घरी तीन वर्षं सांगितलं नाही.

यातला नियम आजही कामाचा आहे. दूरस्थ पद्धतीची पदवी राज्य विद्यापीठ आपल्या राज्यातच देऊ शकतं. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, केंद्र सरकारचं असल्याने देशभर चालतं. पूर्ण ऑनलाइन पदवीला मात्र हद्द नसते, जयपूरचं विद्यापीठ सातारच्या माणसाला प्रवेश देऊ शकतं. पण दोन्हीत मान्यता यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोची हवी, आणि ती विद्यापीठाला एकदा मिळाली की झालं असं नाही. अभ्यासक्रमानुसार आणि सत्रानुसार असते. ब्युरोच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव काढा, मग तुमचा अभ्यासक्रम, मग तुमच्या प्रवेशाचं सत्र. तिन्ही एका ओळीत दिसलं पाहिजे. ‘आमचं नॅक ए प्लस आहे’ (म्हणजे विद्यापीठाच्या दर्जाची श्रेणी) हे त्याचं उत्तर नाही. २०२४ पासून प्रवेशाला डेब-आयडी (याच ब्युरोच्या संकेतस्थळावरचा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) लागतो, तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. कोणी म्हणालं की त्याची गरज नाही, तर फोन ठेवा. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फिजिओथेरपी, वकिली असलं काही ‘डिस्टन्सने’ विकत असेल तरी तेच.

मग मी बी.कॉम. कुठून केलं? नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. १९८९ चं विद्यापीठ, पुस्तकं मराठीत, अभ्यासकेंद्र गावापासून अकरा किलोमीटरवर. ते मला जाहिरातीतून सापडलं नाही. आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळा परिचरांनी तिथून बी.ए. केलं आणि त्यांची नोंद मी स्वतः सेवापुस्तकात घेतली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कंडक्टरसाहेबांचंही तसंच, डेपोतल्या कंट्रोलरने केलं म्हणून यांनी केलं. मोठ्या माणसांना कोर्स असाच सापडतो, शेजारच्या टेबलावर. तुमच्या कंपनीत, सोसायटीत, भावकीत कोणीतरी नक्की केलेलं असणार. लोक ‘बाहेरून केलं’ हे पटकन सांगत नाहीत एवढंच. विचारा, आणि पास झालेल्याबरोबर मध्येच सोडलेल्यालाही विचारा. सोडलेला माणूस जास्त खरं सांगतो: पुस्तकं कधी आली, निकालात गैरहजर लागलं तेव्हा कोणी फोन उचलला का, केंद्रावर संमंत्रण सत्रं, म्हणजे शिकवणीचे तास, खरंच होतात की फक्त वेळापत्रक लागतं.

नंतर मी इग्नूतून एक पदविका केली, म्हणून दोन्हीकडचा अनुभव आहे. इग्नूची शिस्त जास्त, शिफारसही करेन, पण तुमच्यासाठी एक मोठी अडचण दिसते. तिथे परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, आणि जूनच्या परीक्षेसाठी असाइनमेंट साधारण मार्चअखेर द्यायच्या. तारीख पुढे ढकलतात बऱ्याचदा, पण त्यावर विसंबू नये. आता तुम्ही अकाउंट्सवाल्या. ३१ मार्चला तुम्ही घरी जेवायला तरी पोचता का? तेव्हा असाइनमेंट जानेवारीत संपवायच्या, नाहीतर डिसेंबरच्या परीक्षेचा हिशोब धरायचा. मी नाशिक घेतलं याचं अर्धं कारण हेच होतं की परीक्षा मेच्या आसपास यायची आणि तेव्हा शाळेला सुट्टी असल्याने आमच्या कार्यालयात जरा श्वास घेता येतो. रँकिंग बघू नका असं नाही, पण आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि त्यावर विद्यापीठाच्या तारखा लिहा. तुमच्या जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखा, मुलाची परीक्षा, गणपती, घरातलं लग्न. मग कळेल काय बसतं ते.

पूर्ण ऑनलाइनमध्ये प्रवास वाचतो, लेक्चर रात्री अकराला बघता येतं. पण परीक्षा घरून वेबकॅमसमोर असेल तर दोन खोल्यांच्या घरात तीन तास कोणी मागून जायचं नाही, हे जमेल का बघा. माझ्या जावेला नाही जमलं. मागे सासूबाई देवाला फुलं वाहायला आल्या आणि स्क्रीनवर लाल सूचना. शेवटी पुढचे पेपर तिने माहेरी जाऊन दिले.

पैसे भरायच्या आधी एक फुकटची चाचणी करा. इग्नूची पुस्तकं त्यांच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही वाचायला खुली आहेत. बी.कॉम.च्या एखाद्या विषयाचं पहिलं पुस्तक काढा. किंवा सरकारच्या ‘स्वयम’वर आठ आठवड्यांचा एखादा कोर्स लावा. शिकायला फी नाही, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच भरायची. आणि बघा, सलग महिनाभर रोज पाऊण तास बसणं होतं का. मी पहाटे पाच ते सहा बसायचे. रात्रीचा प्रयत्न केला होता, पण ओट्यावरची भांडी दिसली की मन लागेना.

जुन्या दोन वर्षांचं काय? ती धरतील का, हे ज्या विद्यापीठात जाणार त्यांच्याकडून लेखी घ्या. माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांना पहिल्यापासून करावं लागलं. तशी मनाची तयारी ठेवा, धरली तर आनंदच.

शेवटचं, आणि हे कोणताही फोनवाला सांगत नाही. तुमच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असेल आणि आधारवर सासरचं. डेब-आयडीसाठी आधी एबीसी आयडी (शिक्षणातल्या क्रेडिटच्या सरकारी खात्याचा क्रमांक) काढावा लागतो, तो आधारवरून निघतो, आणि प्रवेश अर्जाला गुणपत्रिका जोडायची. दोन नावं जुळली नाहीत की अर्ज लटकतो. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत निम्म्यांचं गाडं इथेच अडतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढलेलं आहे का? नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत जाऊन ते आधी काढा. काही ठिकाणी राजपत्रात नावबदल मागतात, त्याला वेळ लागतो. जुन्या कॉलेजातून दुसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्रही मागून ठेवा. एवढी वर्षं झाल्यावर लिपिक म्हणेल, रेकॉर्ड शोधावं लागेल, पुढच्या आठवड्यात या. जा पुढच्या आठवड्यात. सकाळी अकराच्या आधी गेलात तर जास्त बरं, तेव्हा आमच्याकडे गर्दी नसते.