विशेषणं नकोत, वेळ लिही

पोरी,

तुझा मेसेज रात्री दीडला आला आणि मी तो सकाळी वाचला, म्हणून उत्तराला उशीर. रविवारी आजीच्या श्रद्धांजलीला सगळे जमणारेत, "तू बरं लिहितेस, तूच बोल आजीवर" म्हणून घरच्यांनी तुझ्या गळ्यात घातलं आणि तू जे पान पाठवलंयस ते मी तीनदा वाचलं. प्रेमळ, कष्टाळू, त्यागमूर्ती, सेवाभावी, सदा हसतमुख. अगं ही कोण? यातून तुझी आजी उचलून दुसऱ्या कोणाचीही आजी बसवली तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही.

तोंड पाडू नकोस. चिडलोय तो तुझ्यावर नाही, का ते पुढे येईलच.

तुझी आजी नर्स होती. वॉर्डात "पेशंट बरा आहे" एवढं लिहून कोणी सुटत नाही. टेंपरेचर किती, पल्स किती, श्वास किती, लघवी किती एमएल, किती वाजता, आणि खाली सही. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, हे त्या बायकांच्या हाडात मुरलेलं असतं. आणि अशा बाईवर तू अख्खं पान लिहितेस त्यात एक वेळ नाही, एक आकडा नाही, तिने केलेली एक गोष्ट नाही. ओव्हर घेताना, म्हणजे ड्यूटी बदलताना आधीच्या नर्सकडून पेशंट ताब्यात घेताना, तिने हा कागद तसाच परत केला असता.

फ्लॉरेन्स नाईटिंगेलबाईंचंच बघ, रात्री दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी म्हणून गाजलेली नर्स. 12 मे 1820 चा जन्म, त्या तारखेला जगभर नर्सेस डे करतात, भाषणं होतात, आणि सगळ्या भाषणांत तो हातातला दिवा. त्या बाईने क्रिमियाच्या युद्धानंतर बसून आकडे मांडले, सैनिक जखमांनी मेले त्याहून कितीतरी जास्त रोगराईने मेले हे महिन्यामहिन्याचा तक्ता काढून सरकारच्या डोळ्यांसमोर धरलं. पण लोकांना दिवाच आवडतो, दिव्याला काही वाचावं लागत नाही. तू तुझ्या आजीच्या हातात दिवा देऊ नकोस एवढंच माझं म्हणणं आहे.

आता माझं. आई पण नर्स, तुला माहितीये. ती गेली तेव्हा मी उभा राहून बारा मिनिटं बोललो, सेवेची मूर्ती, करुणेचा सागर, सगळं झालं, दोनचार जणांनी डोळेही पुसले आणि मला वाटलं झकास झालं. मग मागच्या खुर्चीतून एक म्हाताऱ्या सिस्टर उठून आल्या, आईच्या जुन्या सोबतीण, आणि म्हणाल्या, "छान बोललास, पण कोणाबद्दल बोललास रे?" आणि त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं की एकदा नाईटला औषधाच्या कागदावर डोस लिहिला होता, टिंब पाच, टिंबाच्या आधी शून्य नाही आणि टिंबही पुसट, म्हणजे वाचणाऱ्याला सरळ 5 दिसावं, दहापट. आईने इंजेक्शन भरायला नकार दिला. पहाटे तीनला डॉक्टरांना उठवलं, शिव्या खाल्ल्या, पण दुरुस्त करून सही होईपर्यंत ट्रेला हात लावला नाही.

आणि मी काय करायचो माहितीये? ती घरच्या हिशेबाच्या वहीतही अर्ध्याला 0.5 लिहायची, टिंबाआधी ठसठशीत शून्य, त्यावरून मी तिला चिडवायचो. वर्षानुवर्षं! कधी विचारलं नाही की हे शून्य कुठून आलं.

तिच्या तीन डायऱ्या होत्या. मी त्या रद्दीत घातल्या. घर रिकामं करून द्यायचं होतं, तारीख गळ्याशी आलेली, आणि त्यात पेशंटांची नावं, त्यांचे आजार, ते बाहेर कशाला जायला हवं होतं, मी केलं ते चूक नाही असं मी आजही म्हणतो. फक्त टाकायच्या आधी वाचल्या नाहीत. एका दुपारचं काम होतं. जाऊ दे.

(तुला आजीच्या काही वह्या सापडल्या तर बसून वाच, पण पेशंटची नावं रविवारी तोंडातून बाहेर पडू देऊ नकोस. ती तिने कधी घरात काढली नसतील, तूही काढू नकोस.)

तर पुन्हा तेच, काय केलं ते लिही. कशी होती ते नको. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचा काळ तिने पाहिलाय, बोथट झालेल्या सुया दगडावर घासून धार लावायच्या आणि पुन्हा त्याच वापरायच्या, ते तिच्याकडून काही ऐकलंयस का? चादरीचे कोपरे कसे दुमडायची? आणि ड्यूटीमुळे तुझ्या बाबांचं काय काय हुकलं, त्यावरून घरात भांडणं झाली असतील ना, तेही लिही, उगाच देव्हाऱ्यात बसवू नकोस. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणारी बाई घरी येऊन सदा हसतमुख असते होय? कंबर धरलेली असते तिची.

खरी गोष्ट तू लिहिलीयेस, पण मेसेजच्या शेवटी, कंसात, जाता जाता. "ताप आला की आजी मनगट धरून बसायची, खूप वेळ, काहीच बोलायची नाही." तुला वाटतं ती माया होती. असेलही. पण पल्स मोजून झाली तरी नर्स हात सोडत नाही, कारण आता ती छातीकडे बघून श्वास मोजत असते, आणि मोजतेय हे कळलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून सांगायचं नसतं. ती गप्प बसून तुझे श्वास मोजत होती गं. हे सोडून तू सेवाभावी लिहितेस? कंसातलं बाहेर काढ आणि तिथूनच सुरू कर.

बाकीचं तुझ्याकडे नाही, ते तिच्यासोबत ड्यूटी केलेल्यांकडे आहे. आजीच्या फोनमध्ये नंबर असतील, "सिस्टर" म्हणून सेव्ह केलेले. आजच लाव. फक्त दुपारी नको, आयुष्यभर नाइटा केलेल्या बायका आहेत, रिटायर झाल्या तरी दुपारी झोपतात.