तिकीट भिजवण्याआधी

प्रिय बाय,

चवथीला आलीस तेव्हा बिस्किटांचा डबा उघडून तू मला तिकिटं दाखवलीस आणि विचारलंस, "यातलं सगळ्यात महागाचं कुठलं?" घरात आरतीची गडबड होती, उत्तर राहून गेलं. आज निवांत बसून लिहितोय.

महागाचं त्यात एकही नाही. पण खाली एक निळसर पाकीट होतं, अर्धं फाटलेलं, त्यावर जपानचं तिकीट आणि गोल शिक्का. तिकीट काढायचं म्हणून तू ते बाजूला ठेवलं होतंस. ते काढू नकोस. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

तुझ्याएवढा असताना मी काय केलं ते सांगतो. आमचे थोरले काका मोझांबिकला होते, लोरेन्सो मार्किसला. आजचं मापुटो. त्यांची पत्रं आजी लाकडी पेटीत जपून ठेवायची. एका मे महिन्यात मी सगळ्या पाकिटांचे कोपरे कापले, घमेल्यात कोमट पाण्यात टाकले, तिकिटं सोडवली, वर्तमानपत्रावर उलटी वाळत घातली आणि उरलेली पाकिटं न्हाणीघरातल्या चुलीत सारली. तिकिटं अजून माझ्याकडे आहेत. बाजारात त्यांना चहाचे पैसेही येणार नाहीत. पत्रंही आहेत, पण काका पत्रावर तारीख घालत नसत. तारीख होती ती शिक्क्यांवर: पुढे तिथून निघाल्याची, मागे गोव्यात पोचल्याची. काकांचं शेवटचं पत्र कधीचं, असं आजी पुढे कितीदा तरी विचारायची, आणि त्या गठ्ठ्यातलं आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे मला आजतागायत लावता आलेलं नाही. लावता आलं असतं. मीच ते जाळलं.

म्हणून सांगतो, तिकीट शिक्क्यासकट आणि शिक्का पाकिटासकट ठेवायचा. पोस्टकार्ड असेल तर प्रश्नच नाही, ते अख्खंच जपायचं. सुटं तिकीट पाण्यात सोडवायला हरकत नाही, पण ते पाकीट कुणाचं होतं याची आधी घरात विचारपूस कर. आणि हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं पाण्यात नीट सुटत नाहीत, ती कागदासकट कापून ठेव.

आता आपल्या गोव्याचं. जगभरची तिकिटं जमव, पण एक वही इथली असू दे. पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटं 1871 ची, इथेच छापलेली, ओबडधोबड. ती तुला मिळणार नाहीत आणि ऑनलाइन कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊही नकोस, बनावट फार आहेत. त्यानंतरची बरीच साधी तिकिटं मात्र परवडतात. माझ्याकडे एक आहे, राजा कार्लुशचं. राजाची मान वळलेली, मिशा स्पष्ट, आणि त्या चित्रावरच छापलेली अक्षरं: 'रेपूब्लिका', म्हणजे प्रजासत्ताक. राजाचा 1908 साली खून झाला, 1910 मध्ये पोर्तुगालातली राजेशाहीच गेली. छापून ठेवलेली तिकिटं फेकून न देता त्यांच्यावर हा शब्द उमटवला आणि 1911 पासून ती विकली. भिंग लावून बघितलंस तर शाई राजाच्या चेहऱ्यावरून गेलेली दिसते. इतिहासाच्या पुस्तकात मला हे इतकं जवळून कधी दिसलं नव्हतं. तिकिटांवरची नाणीही बघ: रैस, तांगा, रुपिया, शेवटी एस्कुदो आणि मग 1961 च्या डिसेंबरनंतर भारताची तिकिटं, नये पैसे. एका पानावर मावेल एवढा तो प्रवास आहे. त्याच वहीत इतिहासकार दामोदर कोसंबींचं 2008 चं तिकीटही लाव, ते आपल्या गोव्यातल्या कोसबेचे.

देश ओळखणं तू पटकन शिकशील. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, मॅग्यार म्हणजे हंगेरी. नावच नसेल आणि राजाराणीचं डोकं असेल तर ब्रिटन. 1840 मध्ये त्यांनीच पहिलं तिकीट काढलं, तेव्हापासून ते नाव घालत नाहीत.

पावसाळ्याची मात्र काळजी घे, आपल्याकडे संग्रह तिथेच मरतो. जून ते सप्टेंबर डिंक ओल धरतो, तिकिटं एकमेकांना चिकटतात, कडांवर तांबूस ठिपके येतात आणि ते जात नाहीत. स्टॉकबुक, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायच्या वह्या, आडवी एकावर एक रचू नकोस, उभी ठेव, बाहेरच्या भिंतीला लागून नको. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेव. ऊन पडलं की पानं उघडून वारा दे, पण उन्हात नको. स्वस्त मऊ प्लास्टिकची पाकिटं वापरू नकोस, काही वर्षांत ती चिकट होतात आणि रंग ओढून घेतात. तिकीट बोटांनी न धरता चिमट्याने धरायची सवय आत्ताच लाव.

पणजीच्या हेड पोस्टात फिलाटेलीची, म्हणजे तिकीटसंग्रहाच्या कामाची, चौकशी कर. 200 रुपयांत डिपॉझिट खातं उघडतं, नवी तिकिटं घरी येतात. सहावी ते नववीच्या मुलांसाठी दीनदयाळ स्पर्श योजनेची वर्षाला 6000 रुपयांची शिष्यवृत्ती आहे, तिचीही माहिती घे.

आणि तू स्वतः लिही. नुसतं मागून संग्रह होत नाही. पोस्टक्रॉसिंग ही पोस्टकार्डांच्या अदलाबदलीची वेबसाइट 2005 मध्ये पोर्तुगालात सुरू झाली. तिथे तुला अनोळखी माणसाचा पत्ता मिळतो, तू कार्ड पाठवतेस, ते पोचल्याची नोंद झाली की तिसरंच कुणीतरी तुला लिहितं. घरचा पत्ता द्यायचा असतो, तेव्हा आईबाबांना विचारूनच. समुद्रकिनाऱ्याचं कार्ड सगळेच पाठवतात. तू माटोळीबद्दल लिही. गणपतीच्या वर काय काय बांधलं होतं, आंबाडे, चिबूड, तोरिंजन, सुपारीचे घोस, आणि त्यातलं तू स्वतः काय आणलंस. फिनलंडातल्या एखाद्या बाईला ते दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही. काउंटरवर छापील लेबल लावू लागले तर तिकिटं मागून घे, आणि शिक्का स्पष्ट मारायची विनंती कर. बहुतेक कारकून आनंदाने मारतात, मी स्वतः त्या काउंटरवर वर्षानुवर्षं उभा होतो.

ते जपानी पाकीट कुणाला आलं होतं ते आईला विचार. शिक्क्यावरची तारीख वाच. जपानात कधीकधी वर्ष त्यांच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं घालतात, त्यामुळे आकडा लहान दिसला तर गोंधळू नकोस. नाही लागलं तर पाकीट तसंच घेऊन रविवारी ये, भिंग माझ्याकडे आहे.

तुझा,
आजोबा

ता. क. डब्यातली तिकिटं आजच बाहेर काढ. आत ओल होती, माझ्या बोटाला लागली.