लोगो एकदाच लागतो, अहवाल दर वर्षी

या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही एकट्यानं काम करणाऱ्यांची आहेत आणि तिन्हींत काळजी एकच आहे, काम आणि त्याचे पैसे. मी स्वतः पुण्यात 1999 पासून मुखपृष्ठं आणि रेखाटनं करते, नोकरी कधीच केलेली नाही. म्हणून जे सांगते ते माझ्या टेबलावरून दिसतं तेवढंच.

पहिलं पत्र: ताई, मी विट्याची. कोल्हापुरात उपयोजित कला शिकून दीड वर्ष झालं, घरूनच काम करते. इन्स्टाग्रामवर रोज काहीतरी टाकते. लाइक येतात, काम येत नाही. आलंच तर 300 रुपयांचा लोगो आणि त्यात दहा वेळा बदल. चांगले क्लायंट असतात कुठे? पुण्या-मुंबईला यावंच लागेल का? घरचे म्हणतात, बीएड कर.

माझ्या टेबलाच्या खणात एक लांबट वही असते, किराणा दुकानात असते तसली, लाल कापडी पाठीची. पहिल्या वर्षापासून प्रत्येक काम मी तिच्यात लिहिते. काम काय, दिलं कुणी, त्यांच्यापर्यंत मी पोचले कशी, पैसे किती दिवसांनी आले. तुझं पत्र वाचून गेल्या वर्षीची पानं उलटली. कामं 34. त्यांतली 21 जुन्याच माणसांची, 9 त्यांनी किंवा प्रेसवाल्यांनी नाव सुचवल्यामुळे आलेली, 4 मी स्वतः पत्र पाठवून मिळवलेली. अनोळखी माणसानं चित्र कुठेतरी पाहिलं आणि फोन केला, असं एकही नाही.

इन्स्टाग्राम बंद कर असं मी म्हणत नाही. कुणी तुझं नाव सुचवलं की समोरचा आधी तिथे डोकावतो. तेवढ्यासाठी दहा-बारा नीट कामं तिथे असू देत. रोज काही टाकण्यात जाणारा वेळ मात्र वाचव आणि तो गावात फिरण्यात घाल.

लोगो माणूस आयुष्यात एकदा करून घेतो. तू तो कितीही सुंदर केलास तरी तो परत येणार नाही, कारण त्याला परत लागतच नाही. ज्याला दर वर्षी, ठरल्या महिन्यात काहीतरी छापावंच लागतं, त्याच्याकडे जायचं. तुझ्या भागात अशी माणसं पुण्यापेक्षा कमी नाहीत. पतसंस्था, दूध संघ, सूतगिरण्या, साखर कारखाने. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा घ्यावी लागते आणि सभेआधी अहवाल सभासदांच्या हातात पडावा लागतो. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये तुझ्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या संस्था एकाच कामाच्या घाईत असतात. तुझ्या घरात कुणीतरी कुठल्या तरी पतसंस्थेचं सभासद असणारच. गेल्या वर्षीचा अहवाल मागून घे आणि त्यातली फक्त दोन पानं नव्यानं मांड, मुखपृष्ठ आणि ताळेबंद. ताळेबंद मुद्दाम सांगते. मुखपृष्ठ सगळेच रंगवून दाखवतात, पण सत्तरीच्या सभासदाला चष्मा न बदलता आकडे वाचता येतील अशी मांडणी कुणीच दाखवत नाही. ती दोन पानं प्रिंट काढून जूनमध्ये व्यवस्थापकांना हातात नेऊन दे. व्हॉट्सॲपवर पाठवू नकोस.

वर्षाचं बाकी चक्रही असंच असतं. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं बोलणं जून-जुलैत, आतल्या कथाचित्रांचं ऑगस्टमध्ये, दिनदर्शिका पावसाळा सरताना, शाळा-कॉलेजांची वार्षिकं जानेवारीनंतर. दिवाळीच्या तोंडावर संपादकांना फोन करणारे नवे चित्रकार मला दर वर्षी भेटतात. काम चांगलं असतं, पण तोवर अंक मशीनवर चढलेला असतो.

आता प्रेसबद्दल, कारण इथेच तुझं खरं बस्तान बसेल. गिऱ्हाईक आधी प्रेसमध्ये जातं आणि विचारतं, ‘डिझाइन कोण करून देईल?’ प्रेसवाला ज्याचं नाव घेतो, त्याला काम. आणि तो नाव घेतो ज्याची फाइल त्याला रात्री छळत नाही त्याचं. चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठीची जादा पट्टी, सोडलेलं, फोटो सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, बारीक अक्षरं फक्त काळ्या रंगात, चार रंगांची मिसळ करून नव्हे. आणि आपलं नेहमीचं दुखणं म्हणजे फॉन्ट. अजूनही कितीतरी ठिकाणी मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत असतो आणि तू युनिकोडमध्ये टाइप केलेला असतोस. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेला की जोडाक्षरं फुटतात, ‘सूर्य’मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरं रेषाकृतींत बदलून, दे आणि सोबत तपासलेली पीडीएफ दे. प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून.

ल आणि श यांच्याकडेही बघ. बऱ्याच फॉन्टमध्ये ते मुळात हिंदी वळणाचे येतात. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हे वळण 2009च्या शासन निर्णयानं प्रमाण ठरवलेलं आहे. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की वळण आपोआप बदलतं. नसेल बदलत तर दुसरा फॉन्ट घे. हा माझा हट्ट आहे आणि तो तूही धरावास असं मला मनापासून वाटतं. आपल्या अक्षरांची काळजी आपण नाही घ्यायची तर कुणी?

दहा वेळा बदलांचं. माझ्या दुसऱ्याच वर्षी अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकाकडे मी कादंबरीच्या मुखपृष्ठाची सात रफ नेली, एकेक करून, तीन आठवडे. दर वेळी ‘छान आहे, पण अजून काहीतरी हवंय.’ पुस्तक आलं तेव्हा त्यावर आठवंच चित्र होतं, दुसऱ्या कुणाचं, आणि माझ्या चौथ्या रफमधला जिना जसाच्या तसा त्यात होता. मला एक रुपया मिळाला नाही. मागितलाही नाही, कारण आधी काही ठरलंच नव्हतं. त्या जिन्याचे कठडे मी जोगेश्वरीच्या बोळातल्या एका वाड्यात बसून काढले होते. आजही ते पुस्तक कुठे दिसलं की हात आखडतो.

तेव्हापासून काम सुरू करण्याआधी चार ओळी लिहून पाठवते आणि ‘मान्य’ असं उत्तर येईपर्यंत पेन्सिल उचलत नाही. दोन रफ, निवडलेल्यावर दोनदा बदल, पुढच्या प्रत्येक बदलाला वेगळे पैसे, निम्मी रक्कम आधी. या चार ओळी वाचून जो गप्प होतो, तो तसाही पैसे देणारा नव्हता. जो फोन करून विचारतो, ‘दोनच रफ का?’, त्याच्याशी बोल. विचारणारी माणसं बहुधा टिकतात.

दर ठरवताना उलटा हिशेब कर. घरात द्यायचे पैसे, वीज, सॉफ्टवेअर, प्रवास, थोडी शिल्लक मिळून महिन्याला 24,000 लागतात असं धर. महिन्यात 25 दिवस काम केलंस तरी पैसे मिळणारे दिवस 12च निघतात. बाकीचे फिरण्यात, फोनवर आणि वसुलीत जातात. म्हणजे दिवसाचे 2,000. अहवालाला पाच दिवस लागणार असतील तर 10,000च्या खाली बोलू नकोस. विट्यात कुणी देणार नाही असं तुला वाटेल. पहिले दोघं देणार नाहीत, हे खरं आहे.

पुण्याला राहायला यायची गरज नाही. वर्षातून दोनदा ये, छापील कामं घेऊन, आणि प्रकाशकांना आधी वेळ मागून भेट. बीएडला दोन वर्षं लागतात. घरच्यांकडे तेवढीच दोन वर्षं माग आणि माझ्यासारखी एक वही लिहून दर महिन्याला ती त्यांच्यापुढे उघडी ठेव.

दुसरं पत्र: मी नाशिकची, जलरंगात काम करते. चार वर्षांपूर्वी एका प्रकाशनाला गोदाघाटाचं चित्र मुखपृष्ठासाठी करून दिलं, 2,500 रुपये मिळाले. लेखी काही नाही. आता दुसरी आवृत्ती आली, तेच चित्र चहाच्या मगांवरही छापून विकतात आणि माझं नाव कुठेच नाही. चित्र माझं आहे ना?

तुमचा राग रास्त आहे, पण तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सर्वसाधारणपणे चित्र काढणाऱ्यालाच पहिला मालक मानतं. त्याला एक अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेलं पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा फोटो असेल आणि उलट करार नसेल, तर काम सांगणारा मालक ठरतो. आपल्यापैकी फार जणांना हे ठाऊकच नसतं. त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीचे आणि मगांचे पैसे मागताना तुमची बाजू लंगडी आहे. हे चित्र तुम्ही आधीच काढलेलं होतं आणि त्यांनी नंतर निवडलं, असं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाच्या वहीत, फोनमध्ये तारखा शोधा. मालकी तुमची असेल तर ती दुसऱ्याकडे जायला तुमच्या सहीचा लेख लागतो आणि लेखात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

नावाचा हक्क मात्र तुमच्यापासून सुटलेला नाही. कलम 57नुसार मालकी कुणाचीही असो, हे चित्र माझं आहे असं सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. पत्राची सुरुवात तिथूनच करा. पुढच्या छपाईत आणि मगाच्या खोक्यावर नाव हवं, असं शांतपणे लिहा. भांडण न करता एवढं बहुतेक जण करतात.

पुढच्या कामाला एक ओळ पुरेल: ‘चित्राची मालकी आणि मूळ चित्र माझ्याकडे राहील, वापर या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठापुरता, नाव श्रेयपानावर.’ आणि मूळ कागद कुणाला देऊ नका, स्कॅन द्या.

तिसरं पत्र: मी ठाण्यात व्हिडिओ एडिटिंग करतो. एका कंपनीकडे 64,000 रुपये सात महिने अडकलेत. अकाउंट्सवाले फोन उचलत नाहीत. कोर्टात जाणं परवडणार नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का, ते आधी पाहा. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, एकट्या माणसालाही मिळते. 2006च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सरकारी पोर्टलवरून करता येते आणि ती अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेपुढे जाते. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. आज केलेली जुन्या बिलाला लागू होईल असं धरून चालू नका.

नोंदणी आधीची असेल तर अकाउंट्सला फोन करणं थांबवा. मालकांना ईमेल करा. बिल क्रमांक, तारीख, काम पोचल्याचा पुरावा, उद्यम क्रमांक आणि आजपर्यंतचं व्याज, एवढंच. सोबत हेही लिहा की 2023-24 या आर्थिक वर्षापासून असे थकवलेले पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत त्यांना आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. हे वाक्य त्यांचे सीए नक्की वाचतील. माझे दोन वर्षं रखडलेले 18,000 याच वाक्यानंतर नवव्या दिवशी आले, 10 टक्के टीडीएस कापून. तो कापलेला भाग आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या करकपातीच्या विवरणात दिसतो की नाही तेही तपासा. कापतात आणि भरत नाहीत, असंही घडतं.

आणि यापुढे फायनल फाइल पैसे आल्यावरच द्या. तोवर पसंतीसाठी कमी रिझोल्यूशनची, आडवं नाव टाकलेली प्रत पुरते.